बातूरच्या तळ्यावर मागितलेली माती

बातूरच्या तळ्यावर मी गेलो तो हौसेनं नव्हे. धाकूकाकांचा गुडघा वाकेना, म्हणून गेलो.

आमच्या खारेपाटातली माणसं विचारतात, "राघो, एवढा जावा-बाली करून आलास, पाहिलंस काय?" मी सांगतो, एक डोंगर पाहिला, त्याच्या डोक्यातून धूर येत होता, आणि त्याच्या पायाशी तळं पाहिलं. "मग?" म्हणतात. आता ह्या 'मग'चं उत्तर ओटीवर बसून देता येत नाही. मध्येच कुणी मिठाचा भाव काढतो, कुणाचा बैल सुटतो. म्हणून लिहून काढतो आहे. माझी शाळा मराठी चौथीपर्यंतची. पाचवीला नाव घातलं, त्याच साली मिठागराचा बांध फुटला आणि बापानं हातात पाटीऐवजी फावडं दिलं. तेव्हा शुद्ध-अशुद्ध वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

धाकूकाका माझे सख्खे काका नव्हेत. ते थळचे कोळी, आम्ही आगरी. त्यांच्या भावाचा मचवा आमच्या मिठागरावर मीठ भरायला यायचा, तेवढीच ओळख. पण मी बोटीवर लागलो तो त्यांच्या शब्दावर. मुंबईला सारंगासमोर, म्हणजे खलाशांच्या मुकादमासमोर, मला उभं करून ते म्हणाले होते, "पोरगा भित्रा हाय, पन भित्रा मानूस दोर दोनदा बघतो." सारंग हसला आणि मला घेतलं. तेव्हापासून बोटीवर कुणी माझ्यावर डाफरलं तर काका नुसतं खाकरायचे, की तो माणूस दुसरीकडे बघायचा.

त्या काकांना जावाच्या समुद्रात एका लाटेनं उचललं आणि डेकवरच्या लोखंडी चाकावर आपटलं. हाड मोडलं नाही. सूज उतरली, ठणका गेला, पण उजवा पाय गुडघ्यात वाकायचा म्हणून वाकेना. चालताना तो पाय ते बाजूनं फिरवून पुढं टाकत, जसा काही तो पाय त्यांचा नव्हताच, कुणीतरी सांभाळायला दिला होता.

बुलेलेंग

बाली बेटाच्या उत्तर अंगाला बुलेलेंग हे बंदर. बंदर म्हणायचं इतकंच. बोट दूर उभी राहते आणि माल होड्यांतून येतो-जातो. तिथं आमच्या यंत्राचा एक भाग तडकला. नवा सुरबायाहून यायचा होता, त्याला बारा-पंधरा दिवस लागणार असं कळलं.

त्याच दिवशी सारंगानं काकांना बोलावलं, मीही मागं जाऊन उभा राहिलो. सारंग इस्माईलभाई म्हसळ्याकडचे, मनानं वाईट नव्हेत. पण त्यांनी सांगितलं ते असं.

"धाकूशेट, मोठ्या साहेबाचं म्हणनं हाय की लंगडा मानूस वादळात नको. बोट सुटायच्या दिवशी दोराच्या शिडीवरून जो आपल्या पायानं चढंल, तो बोटीचा. न चढला तर इथनंच दुसऱ्या बोटीनं घरी."

"आनि मग पुढच्या खेपेला?" काकांनी विचारलं.

ह्या वयात एकदा उतरवलेल्या माणसाला पुन्हा कोण घेतो, हे तिघांनाही माहीत होतं.

किनाऱ्यावर एका गुजराती शेठजींचं कापडाचं दुकान होतं. आपल्याकडची बोली कानावर पडावी म्हणून आम्ही खलाशी तिथं जाऊन बसायचो. शेठजींनी काकांचा पाय पाहिला आणि म्हणाले, "अरे भाई, ऊपर पहाडमां तळाव छे. बातूर. वहां गरम पानी निकलता है. यहां का आदमी लोग हाथ-पांव के वास्ते वहींच जाता है."

काका एकदम ताठ बसले. आपल्याकडे पालीजवळ उन्हेऱ्याचे झरे आहेत, वाताची माणसं तिथं जाऊन बसतात आणि चालत घरी येतात, हे थळपासून म्हसळ्यापर्यंत कोण जाणत नाही? देव सगळीकडे एकच चूल पेटवतो, असं काका म्हणाले.

मला मात्र भीती. जायचं कसं, बोलायचं कसं, आणि आम्ही वर असताना यंत्राचा भाग आला तर? सारंगांनी चिठ्ठी दिली आणि बजावलं, "धा दिवस. अकराव्या दिवशी बोट दिसली न्हाय तर माझं नाव घेऊ नको." शेठजींनी आपली एक जुनी घोंगडी मला दिली. मी म्हणालो, एवढ्या उन्हात घोंगडी कशाला? ते नुसतं हसले. त्या घोंगडीबद्दल मी आजही त्यांना मनात नमस्कार करतो.

एक सांगायचं राहिलं: किनाऱ्यावर यायला काकांना पहिल्यांदा बोटीवरून होडीत उतरवलं ते खोबऱ्याच्या पोत्यांबरोबर, जाळ्यात घालून. जाळं वर झुलत असताना ते ओरडून म्हणाले, "राघ्या, आजवर मासं कसं वर येतं ते बघितलं. आज त्याच्या जागी बसून बघतंय."

डुकरांची लॉरी

वर जाणारी लॉरी मिळाली ती डुकरं पोचवून रिकामी परतणारी. रिकामी म्हणजे, दोन डुकरं कुणी घेतली नव्हती ती होती. तिथं डुकराला बांबूच्या लांबट टोपलीत घालतात. टोपली त्याच्या अंगाबरोबरच विणलेली, शिवलेल्या बंडीसारखी. काकांचा पाय सरळ, त्यामुळे तो त्या दोन टोपल्यांच्या मधोमध ठेवावा लागला. वाटभर एक डुक्कर त्यांच्या अंगठ्याचा वास घेत होतं.

"घरी सांगू नको," काका म्हणाले.

"कशाचं?"

"अंगठ्याचं."

खाली नारळ आणि भात. भाताची खाचरं डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेली, प्रत्येक पायरीत पाणी. आमच्याकडे बांध घालतात तो समुद्र बाहेर ठेवायला. इथं बांध घालतात तो पाणी आत ठेवायला. बांध नीट लिंपलेला आहे की नाही हे मला लांबूनही कळतं, आणि तिथला एकही बांध मला कच्चा दिसला नाही. दर शेताच्या कोपऱ्यात बांबूवर छोटं देवघर, त्यात पानाचा द्रोण, फूल आणि चार शितं. आपल्याकडे शेताचा राखणदार वर्षातून एकदा कोंबडा मागतो. इथला देव रोज मागतो, पण चार शितांवर भागवतो.

मग नारळ संपले, कॉफीची झाडं आली, मग तीही संपली आणि धुकं आलं. माझे दात वाजायला लागले. पौषात आम्ही जिला थंडी म्हणतो ती थंडी नव्हेच, हे मला तिथं समजलं. शेठजींची घोंगडी दोघांत घेतली.

लॉरी थांबली तिथं रस्त्याची एक बाजू एकाएकी नाहीशी होती. धुकं हललं आणि खाली दिसलं ते असं. एक भलीमोठी परात, कडेला उभे डोंगर. परातीच्या मधोमध एक काळा सुळका, त्याच्या टोकाला धुराची बारीक शेंडी. आणि परातीच्या एका अंगाला, कुणी पाणी ओतून तसंच ठेवावं, तसं निळं तळं. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचं चित्र होतं. मी ते मोदक समजलो होतो आणि गुरुजींनी माझा कान धरला होता. खरं सांगायचं तर आत्ताही तो मला मोदकासारखाच दिसला, फक्त करपलेला.

"ह्याच्या पोटात आपन उतरायचं?" मी विचारलं.

"पोटात न्हाय. ताटात," काका म्हणाले.

तळं

उतार चालण्यासारखा नव्हता. काकांना एका टट्टूवर बसवलं. टट्टू एवढंसं, आणि उजवा पाय आडवा पुढं निघालेला. समोरून ओझी घेऊन येणाऱ्या बाया त्या पायाखालून वाकून जात आणि हसत. काका प्रत्येकीला "वाईच जपून, बाय" म्हणत होते, जसं काही त्यांना कळतच होतं.

काठावर वायान भेटला. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा, विडा खाऊन तोंड लाल. त्याची होडी म्हणजे एकाच खोडाची कोरलेली डोण. गरम झऱ्यावर त्याचं घर होतं, आणि तिकडं जायला वाट पाण्यातूनच. तिथं म्हणे पहिल्या मुलाचं नाव वायानच ठेवतात, मुलगा असो की मुलगी. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचंही ठरलेलं. काका म्हणाले, हे बरं हाय, बारशाला भांडन न्हाय.

डोणीत बसल्यावर काकांचा चेहराच बदलला. त्यांनी हात पाण्यात घातला, जिभेला लावला. "गोडं," ते म्हणाले. मग डोणीच्या काठाकडे बघून, "गोड्या पान्यात होडी जास्त बुडते, ठावं हाय? खारं पानी उचलून धरतं." आणि वायानच्या हातातलं वल्हं मागून घेतलं. वायाननं आधी नको म्हटलं, मग चार हात मारलेले पाहिले आणि मागं टेकून विडा लावायला बसला. इतक्या आठवड्यांत काकांना मी असं खुशीत पाहिलं नव्हतं. वल्ह्याला गुडघा लागत नाही.

वायान त्यांच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "काकी? काकी साकित?"

काका हरखले. "बघ, कसा भला मानूस. काकीची चौकशी करतोय. सांग त्याला, बरी हाय म्हनावं. थळला हाय."

मी बंदरातली मलायी बोली दहा-वीस शब्दच शिकलो होतो: जेवण, पाणी, किती, उद्या. त्यात 'काकी' नव्हती. मी मान हलवून "बरी, बरी" म्हणालो. वायान त्या ताठ पायाकडे बघत राहिला आणि त्याला काही पटलं नाही असं दिसलं. काकी म्हणजे पाय, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

गरम

झरा अगदी तळ्याच्या काठाला. दगडांनी अडवलेलं एक कुंड, वाफ निघते, आणि हात घातला की तळ्याचं गार पाणी नि झऱ्याचं ऊन पाणी ह्यांची शीव बोटांना कळते. वायानच्या बायकोनं आधी काठावर फुलांचा द्रोण ठेवला, अंगावर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "तीर्त." कुंडाकडे दाखवून म्हणाली, "तोया."

मला एकदम आमचे गुरुजी आठवले. तोय म्हणजे जल, असा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहून दिला होता आणि मी म्हटलं होतं, आमच्यात कुणी असं म्हणत नाही. इतक्या समुद्रापलीकडे ही बाई म्हणत होती. काकांनी हरिहरेश्वरी गेल्यासारखे हात जोडले आणि मगच आत बसले.

पण नुसत्या पाण्यानं काम होईना. आमच्याकडे मुका मार लागला की मीठ गरम करून पुरचुंडीनं शेकतात. ते सांगायचं कसं? मी चुलीजवळ जाऊन, हातानं शेकल्यासारखं करत मराठीतच म्हणालो, "मीठ. गरम. गरम पायजे."

वायानच्या बायकोनं "गरम?" असं विचारलं. मी जोरात मान हलवली. तिनं आढ्याला टांगलेली करवंटी काढली आणि त्यातून मूठभर मीठ माझ्या हातावर ठेवलं.

मी कुंडाकडे धावत गेलो. "काका, ह्यांना मराठी येतं. गरम म्हटलं आनि मीठच दिलं."

"तोया म्हनतात, तीर्त म्हनतात. येनारच," काका म्हणाले. "आपलीच मानसं, वाट चुकून इकडं आलेली."

त्यांच्या बोलीत गरम म्हणजेच मीठ, हे पुष्कळ नंतर कळलं. मला हवं होतं तेच मिळालं, फक्त चुकीच्या शब्दानं, आणि तिथंच माझी भीड चेपली. एरवी मी तोंड उघडायला दहादा विचार करणारा. आता जो शब्द सुचेल तो मराठीत टाकायला लागलो.

त्या मिठाबद्दल आणखी एक. संध्याकाळी जेवताना वायानच्या बायकोनं आपल्या भातावर चिमूट टाकली ती बोटं झटकून, एक कण वाया न घालवता. डोंगरात मीठ पिकत नाही. खालच्या किनाऱ्यावरून माणसं डोक्यावर घेऊन चढतात. आमच्या दारात मिठाच्या राशी असतात, पोरं त्यावरून घसरगुंडी करतात, आणि हिनं करवंटीतलं निम्मं एका परक्या गुडघ्यासाठी दिलं होतं. मी पानातलं एकेक शीत वेचून खाल्लं. तो भात, पानात भाजलेले तळ्यातले बोटभर मासे आणि वर कच्च्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून बरं झालं.

दगडाखालचं गाव

दुसऱ्या दिवशी काका कुंडात बसले असताना वायान मला काळ्या सुळक्याच्या पायथ्याशी घेऊन गेला. तिथं जमीन नाहीच. नांगरलेलं शेत दगड होऊन जावं तसे काळे तुकडे, धारदार, जिथवर नजर जाईल तिथवर. चपला असूनही माझ्या टाचा सोलल्या. तो अनवाणी चालत होता.

एका जागी थांबून तो म्हणाला, "रुमा." हा शब्द मला येत होता; रुमा म्हणजे घर. मी चहूकडे पाहिलं. घर नव्हतं. त्यानं पायाखाली बोट दाखवलं.

मग अर्ध्या खुणांनी, अर्ध्या शब्दांनी त्यानं सांगितलं ते असं. इथं त्यांचं गाव होतं, बातूर, आणि तळ्याच्या देवीचं मोठं देऊळ. वायान तरणा असताना डोंगर एकदा फुटला होता. आगीचा रस घरांवरून आला, पण देवळाच्या दारात येऊन थांबला. लोकांनी म्हटलं, देवीनं राखलं, आणि तिथंच पुन्हा घरं बांधली. आम्ही गेलो त्याच्या काही वर्षं आधी तो पुन्हा फुटला. ह्या खेपेला रस दारात थांबला नाही. चालत आला, म्हणे. माणूस चालतो तसा, घाई न करता. त्यामुळे माणसं निघू शकली. देव, घंटा, जे उचलता आलं ते उचलून वर कड्यावर गेली, आणि आता नवं बातूर तिथं वर थंडीत बसलं आहे.

"मग तू खाली का?" मी विचारलं.

त्यानं तळ्याकडे हनुवटी केली. वर पाणी नाही, म्हणाला. मग थोडं थांबून, जमिनीला हात लावून, पुन्हा "रुमा."

मला आमचा फुटलेला बांध आठवला. समुद्र आत आला त्या साली लोक म्हणाले, आता खारेपाट सोडा. कुणी सोडला नाही. पुन्हा चिखल उचलला. माणसाला जमीन लागते म्हणतात, पण मला वाटतं, जमिनीनं एकदा मारल्याशिवाय तिची ओढ कळत नाही.

परत येताना त्यानं आपला वाफा दाखवला. दगडांमध्ये एक खळगा, त्यात टोपलीनं लांबून आणलेली माती, त्यात कांदे. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, पांढरे का लाल? लाल म्हटल्यावर म्हणाले, "मग अलिबागेचा एक पांढरा कांदा पाठवाया पायजे बिचाऱ्याला."

माती

पाण्यात बसलं की गुडघा थोडा हलायचा, बाहेर आला की पुन्हा लाकूड. चार दिवस गेले. रात्री मी बोटं मोजायचो आणि मला वाटायचं, बोट सुटली. काका म्हणाले, "मिठागराचा काळा चिखल ऊन करून बांधला असता तर सुटला असता." ते मला पटलं. आमच्याकडे हा रामबाण. पण चिखलाला माती हवी, आणि त्या दगडांत माती होती ती फक्त वायानच्या वाफ्यात. न विचारता कशी घ्यायची?

वायान शेजारच्या पाड्यात गेला होता. मी पळत गेलो. आठ-दहा माणसं ओट्यावर बसलेली. धाप लागलेली, आणि मराठी सगळ्यांना कळतंच अशी खात्री. मी कुंडाकडे हात करून ओरडलो, "काका! माती! माती पायजे! काका, माती!"

एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. वायान उठला, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून काहीतरी हळू बोलला, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, वाफ्यातली माती द्यायची म्हणून एवढं वाईट वाटतंय. मी म्हणालो, "थोडीच. थोडीच माती."

त्यांच्यात काका म्हणजे थोरला भाऊ. आणि माती म्हणजे मेला.

कुणीतरी गावाचा पोकळ लाकडी ठोकळा वाजवायला घेतला. टोक, टोक, टोक. घराघरांतून माणसं निघाली. कुणी पांढरं कापड आणलं, कुणी नारळ, दोघं हिरवे बांबू तोडून खांद्यावर घेऊन आले. बाया भाताच्या पाट्या डोक्यावर घेऊन रांगेत. मी मध्ये. कोण कुठं चाललंय मला समजेना. माती तर कुणाच्याच हातात नव्हती. एक म्हातारी चालता चालता माझा हात थोपटत होती. इतकी माया कशाची, असं वाटलं, पण बरं वाटलं.

काका कुंडात गळ्यापर्यंत बसून डोळे मिटून गाणं म्हणत होते. चाहूल लागली तसे डोळे उघडले. समोर पांढरं कापड, बांबू, फुलं, पाट्या. त्यांना वाटलं, कुणाची तरी वरात किंवा देवीची पालखी. पाण्यात बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून ते काठाला धरून सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना हात जोडले.

पुढचे दोघे बांबू टाकून पळाले. मागच्या बायांनी पाट्या घट्ट धरल्या. वायान तेवढा जागचा हलला नाही. काकांच्या अंगातून वाफ निघत होती. त्यानं जवळ जाऊन एक बोट त्यांच्या पोटाला लावलं.

"गुदगुल्या होतात रं," काका म्हणाले.

वायान माझ्याकडे वळला. "माती?" त्यानं विचारलं. मी खाली वाकून बोटांनी जमीन उकरून दाखवली, गुडघ्याला लिंपून दाखवली, फडकं बांधून दाखवलं. हळूहळू त्याच्या तोंडावर ते उमटलं. त्यानं जमीन दाखवली: "ताना." मग स्वतः जमिनीवर आडवा पडला, हात छातीवर घेतले, जीभ बाहेर काढली: "माती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी माणसं, एवढा खटाटोप. आता मारतील असं वाटून मी काकांच्या मागं सरलो. पण आधी हसली ती मघाशी माझा हात थोपटणारी म्हातारी, आणि तिच्या मागोमाग सगळा काठ. पळालेले दोघे परत आले, त्यांना पुन्हा पुन्हा "माती, माती" म्हणून चिडवलं गेलं. रांधलेलं परत न्यायचं नाही असा तिथं रिवाज असावा, कारण पाट्या तिथंच सोडल्या. पानं मांडली. काकांना मधोमध बसवलं.

"स्वतःच्या बाराव्याला पोटभर जेवला असा थळात मीच पयला," काका म्हणाले. आणि जरा वेळानं, खाता खाता थांबून, "तसं बघितलं तर ते चुकलं कुठं? आपन पन 'मातीला गेलो होतो' म्हनतोच की."

मी हो म्हणालो. समोर तो दगड होता, आणि त्याच्याखाली गाव.

दुपारी वायान टोपली घेऊन आला. त्यानं वाफ्यातले कांदे उपटून, कोवळे होते तरी, बाजूला ठेवले होते आणि टोपलीभर माती आणली होती. मी नको म्हणत होतो. त्यानं टोपली काकांच्या पायाशी ठेवली आणि माझी नक्कल केली, "थोडीच, थोडीच." पुन्हा सगळे हसले.

माघारी

उरलेले दिवस तो चिखल, ते मीठ, ते पाणी. रोज वायान गुडघा दोन्ही हातांत धरून हळूच दाबायचा, आणि काका दुखलं की थळच्या शिव्या द्यायचे, ज्या त्याला आवडायला लागल्या होत्या. पाण्यात पाय आता बराच मुडपायचा. पण निघायच्या सकाळी, गारठ्यात, तो पुन्हा सरळच होता. टट्टूवर पाय तसाच आडवा. लॉरीत ह्या वेळी कॉफीची पोती होती. काका वाटभर गुडघा चोळत राहिले. मी मनात देवीला, हरिहरेश्वराला आणि त्या धुराच्या शेंडीलाही सांगून ठेवलं की ह्या माणसाला उतरवू नका. माझ्यासाठी म्हणून सांगितलं हेही खरं. त्यांच्याशिवाय त्या बोटीवर मी एक दिवस कसा काढणार होतो?

बोट होती. यंत्राचा भाग बसवून झाला होता, धुराडं काळं ओकत होतं. आमची होडी बोटीच्या अंगाला लागली तेव्हा लाटा चांगल्याच होत्या. वरून दोराची शिडी सोडली. कठड्याशी मोठा साहेब पांढऱ्या कपड्यांत हात मागं बांधून उभा, शेजारी सारंग.

"जाळं सोडू नका," काका वर ओरडले. कुणी सोडत नव्हतंच.

त्यांनी दोर धरला. होडी लाटेवर चढली तशी डावा पाय फळीवर टाकला आणि हातांच्या जोरावर अंग वर ओढलं. उजवा पाय खाली लोंबत राहिला. पुन्हा हात वर, पुन्हा डावा. मी खाली शिडी ताणून धरली होती आणि माझे डोळे त्या लोंबत्या पायावर. नुसत्या हातांनी ते शेवटपर्यंत जाणार नाहीत, हे वरच्यांनाही दिसत होतं. निम्म्यावर ते थांबले. दंड थरथरायला लागले. बोट कलली, शिडी अंगापासून सुटली आणि परत आपटली.

मग मी पाहिलं. उजवा पाय हळूहळू वर येत होता. बाजूनं फिरून नव्हे, सरळ, गुडघ्यातून. काकांनी दात आवळले होते. टाच फळी शोधत होती, मिळाली, टेकली. पण ते पुढं चढेनात. टेकलेला पाय त्यांनी उचलला, खाली सोडला आणि पुन्हा वाकवून फळीवर ठेवला. मान खाली घालून ते आपल्याच गुडघ्याकडे बघत होते. परत उचलला, परत ठेवला.

"धाकूशेट," सारंग वरून हाकारले, "चढा की आता. साहेब बघतोय."

"बघू दे त्याला," काका म्हणाले. "मी पन बघतोय."